कावून मॅडम

मुळूक मॅडमना चहा पाजणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आमच्या ऑफिसात सगळेच म्हणत. त्या बदलून आल्या त्या पहिल्याच दिवशी शिपायाने रीतीप्रमाणे चहा आणून टेबलावर ठेवला. मॅडमनी आधी कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोणी सांगितला?"

"कुणी न्हाई, मॅडम. नवीन साहेब आले की आणतो आमी."

"कावून?"

चहा तसाच निवला, वर साय धरली, आणि दुपारच्या आत मॅडमचं नाव पडलं: कावून मॅडम. शिपायाने ते कँटीनमध्ये सांगितलं आणि कँटीनमधून ते गावभर झालं.

आमच्या बीडकडे 'का' म्हणायचं असलं की 'कावून' म्हणतात. शिकलेली माणसं ऑफिसात हा शब्द गिळतात. मॅडम तर पुण्याला राहून नगररचना शिकलेल्या, एरवी त्यांचं बोलणं छापल्यासारखं. पण संशय आला की नेकनूरकडची माहेरची बोली आपोआप वर यायची. त्यामुळे आम्हाला फार सोपं झालं होतं. 'का' म्हणाल्या तर प्रश्न आहे, 'कावून' म्हणाल्या तर संशय आहे.

मी तिथे आरेखक होतो. म्हणजे त्या सांगतील तसे नकाशे काढायचे, आणि त्या जातील तिथे गुंडाळी काखेत घेऊन मागे जायचं. हाडापेराने मोठी बाई, घट्ट अंबाडा, जाड सुती साडी, चालणं पुरुषालाही दम लावणारं. घरी कोण असतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

दुष्काळाचं साल होतं. बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. गावात टँकर आला की घागरींची भांडणं व्हायची. अशात मॅडम घरून स्वतःचं पाणी आणायच्या आणि दिवसभर तेच पुरवायच्या. कुणाच्या दारात गेलं आणि तांब्या पुढे आला तर हात जोडायच्या. लोकांना तो तोरा वाटे. मला एकदा उन्हात चालताना म्हणाल्या, "जोगदंड, ज्याचं पाणी प्यालं त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. म्हणून आधीच नाही म्हणावं."

नकाशा पाहायची त्यांची रीत वेगळी होती. ज्या जागेचा प्रस्ताव आहे तिच्यावर नजरही न टाकता त्या बोट शेजारी ठेवायच्या. "हा कोणाचा?" मग त्याच्या शेजारी. "आणि हा?" मालकाला वाटे बाई वेडी आहे, आपल्या प्लॉटचं बघतच नाही. पण बऱ्याचदा शेजारच्या जागेत मेहुणा निघे, साडू निघे, आणि मग रस्ता इकडून वळवून तिकडून का काढायचाय याचा उलगडा होई.

त्यांचा संशय नेहमी खरा ठरे असं मात्र नाही. एकदा गेवराईकडचा एक शेतकरी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्याचं घरबांधणीचं काम आमच्याकडे अडलेलं होतं, हेही खरं. मॅडमनी पुडा उघडायला लावला आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या लोकांना त्याच्याच हाताने पेढे वाटायला लावले. तो वाटत गेला. शेवटचा पेढा एका म्हातारीच्या हातावर ठेवून तो आत आला आणि म्हणाला, "मॅडम, काम न्हाई झालं तरी चालंल. पण माझ्या लेकीचं नाव तर इचारायचं होतं." मॅडम खाली बघून लिहीत राहिल्या. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरंच लग्न असेल का हो?" मी म्हटलं, असेल. त्या म्हणाल्या, "असेल." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा पुडा आला, तोही व्हरांड्यात गेला.

त्याच साली, हिवाळा सरता सरता, वरून काम आलं. गावातली सरकारी कार्यालयं भाड्याच्या माड्यांवर विखुरलेली होती. शेतीचं ऑफिस कापडदुकानाच्या वर, रोजगार हमीचं एका वाण्याच्या गोदामात, पाणीटंचाईचं तिसरीकडे. खेड्यातून एस.टी.ने आलेली बाई चारा छावणीच्या कागदासाठी एका टोकाला जायची, तिथून तिला दुसऱ्या टोकाला धाडायचे, आणि शेवटची गाडी चुकायची. तेव्हा गावाच्या मध्यभागी ज्या जागा पडून आहेत त्या शोधायच्या आणि त्यातल्या एखादीवर सगळी ऑफिसं एकत्र आणायचा आराखडा करायचा, असं ते काम होतं.

आम्ही दोघं भर उन्हात हिंडलो. बंद पडलेला जकात नाका पाहिला, ओसाड पडलेली वसाहत पाहिली, कुलूप लागलेलं एक सहकारी भांडार पाहिलं. मॅडम म्हणायच्या, "रिकामं असं काही नसतं, जोगदंड. वापरणारा दिसत नाही, एवढंच." भांडाराच्या शटरवर बोटभर धूळ होती, कुलपावर मात्र कण नव्हता. त्यांनी कुलपाला बोट लावून मला दाखवलं. बोटाला तेल लागलं होतं. किल्ली भांडाराच्या राखणदाराकडे निघाली. उघडायला लावलं तर आत छतापर्यंत कडब्याच्या पेंढ्या. छावणीतली जनावरं कागदावर पोट भरत होती आणि त्यांचा चारा इथे थंड सावलीत, भाव चढायची वाट बघत होता. संध्याकाळच्या आत तो छावणीत पोचला. त्या दिवसापासून गावातली मोठी माणसं मॅडमना रस्त्यात पाहिलं की पाऊल जपून टाकू लागली.

सगळ्यात चांगली जागा होती जिनिंगची. सहकारी जिनिंग सोसायटीचं ते मोठं आवार अगदी बाजारपेठेला लागून. पत्र्याची लांबच लांब शेड, कडुनिंब, आणि फाटकाशी गंजलेला गाडीकाटा. पूर्वी हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची म्हणे. मग कापूस कमी झाला, सोसायटी बंद पडली, आणि सभासद कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागले. चेअरमन मात्र होते तेच राहिले, रंगनाथराव तात्या. पांढरं धोतर, तोंडात पान, आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा आवाज. सोसायटी यांनीच बुडवली असं निम्मं गाव म्हणायचं. उरलेलं निम्मं घरात म्हणायचं.

तर हे तात्या एके दिवशी आपणहून ऑफिसात आले.

"मॅडम, आमची जागा घ्या. हापिसं बांधा. रस्त्याकडची बाजू सोसायटीला ठेवा, तिचं भाडं सभासदाला जाऊ द्या. मला काय नको."

मॅडमनी चष्मा काढला. "कावून?"

"कावून म्हंजे? जागा पडून हाय."

"लई वर्षं पडून हाय. आजच कावून?"

तात्या हसले. पान चघळत म्हणाले, "बघा तुमी. तुमी शेजार बघता म्हणं. शेजार बघा."

मॅडमनी शेजार पाहिला. मागच्या जमिनी कोणाच्या, पुढची दुकानं कोणाची, तात्यांचे व्याही कोण, जावई कुठे, सगळं खणून काढलं. हाती काही लागेना. मला त्यांनी आराखडा वेगवेगळ्या तऱ्हेने काढायला लावला. फाटक पूर्वेला घेतलं, मग उत्तरेला. इमारत मागे सरकवली. प्रत्येक वेळी तात्यांना बोलावून दाखवलं. तात्या नकाशावर वाकून बघत आणि म्हणत, "चालंल."

ते गेल्यावर मॅडम येरझारा घालत. "कशालाच नाही न म्हणणारा माणूस फार धोक्याचा, जोगदंड. चोराला निदान एक तरी फाटक नको असतं."

शेवटी त्यांनी टिपण लिहिलं. जागा सोसायटीची, म्हणजे सभासदांची. सभासद तर कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेले. अशात चेअरमन दबाव टाकून संमती घेण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब सभासद परत येईपर्यंत प्रस्ताव थांबवावा. मीच ते टंकलेखनाला नेऊन दिलं. चोख होतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तरी तेच लिहिलं असतं.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. आपली जुनी जीप काढून ते स्वतः ऊसाच्या मुलखात गेले, एकेक टोळी शोधत. परत आले ते रापलेले, आवाज बसलेला. संमतीचे कागद मॅडमसमोर ठेवून म्हणाले, "ज्यांनी हो म्हणलं त्यांचे अंगठे हायेत. काही जण न्हाई म्हणले. आपल्या धर्मापुरीकडची केसरबाई, तिनं तर मला कोपीच्या दारातनं हाकललं."

"अंगठा कोणाचाही असतो, तात्या."

"मग तुमी जाऊन इचारा," तात्या म्हणाले.

आणि मॅडम निघाल्या. ऑफिसची गाडी घेतली नाही. सरकारी जीप फडाकडे वळली की मुकादमाला आधी कळतं आणि मग बाया शिकवलेलं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही एस.टी.ने गेलो, गाड्या बदलत, आणि शेवटचा टप्पा उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमधून. तिकडे कालव्याचं पाणी वाहत होतं. मॅडम त्या पाण्याकडे इतक्या रागाने बघत होत्या की जणू ते आमच्याकडून चोरून नेलं होतं.

केसरबाई फडात मोळ्या बांधत होती. वाळकी, पन्नाशीची बाई, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. नवऱ्याच्या मागे सभासद म्हणून तिचंच नाव लागलं होतं. मॅडमनी नाव विचारलं तर तिने हातातली मोळी आवळून पुरी केली, मग बघितलं.

"तुमी कोन?"

"बीडहून आले. जिनिंगच्या जागेचं विचारायचंय."

"कुनी धाडलं? तात्यानं?"

"नाही. मी माझी आले."

"तुमी तुमच्या यवढ्या लांब आलाव, त्ये बी एस.टी.नं. आन् धाडलं कुनी न्हाई." केसरबाईने माझ्याकडे, माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे पाहिलं. "ह्यो कोन?"

मॅडमना त्या दिवशी त्यांच्यासारखंच कोणी तरी भेटलं. मी उसाच्या सावलीला सरकलो. बराच वेळ दोघी एकमेकींना नुसतं विचारतच राहिल्या, उत्तर कोणीच देईना. शेवटी मॅडमच खाली बसल्या, उसाच्या वाळल्या पाचटावर, आणि म्हणाल्या, "माझा बाप नेकनूरहून कापूस घेऊन याच जिनिंगला यायचा. तात्या खरं बोलतोय का खोटं, मला कळेना. म्हणून आले."

तेव्हा केसरबाईही टेकली.

"आलता तात्या. दिसभर बसला. म्हणला, केसरबाई, अंगठा दे. मी म्हणलं, न्हाई. जिनिंग बंद पडलं तवा तू कुठं व्हता? तोंड दाखीवलं न्हाईस. आता हापिसं बांधून आमाला काय, आमी हितं ऊस तोडालाव. जा म्हणलं."

"मग?"

"मग काय. म्हणला, बरं. न्हाई तर न्हाई. उठला अन् गेला."

"जबरदस्ती केली नाही? मुकादमाला सांगितलं नाही?"

"न्हाई." केसरबाईने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "त्येचंच मला बी नवल वाटलं. म्हणलं, ह्येच्या मनात काय हाय?"

मॅडमनी आणखी कोप्या पालथ्या घातल्या. अंगठे खरे निघाले, नकारही खरे निघाले. परतताना गाडीत त्या खिडकीला टेकून बसल्या होत्या. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "ज्याला खोटंच करायचंय तो 'नाही' कशाला परत आणील? 'नाही' तर वाटेत टाकून देता येतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "माझं चुकलंय बहुतेक." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेवढं एकदाच ऐकलं.

त्यांनी नवं टिपण लिहिलं, जागा योग्य आहे, संमती खरी आहे, काम पुढे न्यावं. पण तोवर पाडवा झाला होता. टोळ्या परतल्या होत्या आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलावली गेली होती, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाने पत्रा तडतडत होता. मॅडमना माहिती द्यायला बोलावलं होतं. मी नकाशा भिंतीला लावून बाजूला उभा राहिलो.

तात्या बोलले, थोडक्यात. मग त्यांचा पुतण्या बाळासाहेब उठला. पुढच्या वेळी चेअरमन व्हायचं त्याने ठरवलं होतं, आणि त्याला तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. त्याने कुठून तरी मिळवलेली मॅडमच्या पहिल्या टिपणाची नक्कल खिशातून काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. "चेअरमन दबाव टाकून संमती घेण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे मी म्हणत नाही. मॅडम म्हणतात. या मॅडम कशा आहेत ते बीडला माहीत आहे."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. मॅडम उभ्या राहिल्या.

"ते मी आधी लिहिलं होतं. नंतर मी स्वतः फडावर जाऊन विचारून आले. तात्यांनी कोणावर दबाव टाकलेला नाही. जागा द्यावी असं माझं मत आहे."

मग मागून एकाने विचारलं, अगदी शांतपणे, "कावून?"

लोक हसले. दुसरा म्हणाला, "आदी न्हाई म्हणलं, आता हो म्हणतात. मधी काय झालं?" कोपऱ्यातून आणखी कोणी तरी, "तात्याच्या जीपनं गेलता का फडावर?"

"एस.टी.नं आलती ती," केसरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "माझ्यापशी बसलती. म्या पायलं."

तिने मदत म्हणूनच सांगितलं असणार. पण त्याने उलटंच झालं. एवढी मोठी अधिकारी बाई एस.टी.ने, ट्रॅक्टरने, पाचटावर बसायला का जाईल? ज्याने त्याने आपापल्या मनाशी उत्तर केलं, आणि ती सगळी उत्तरं एकच होती. मॅडमना ती ऐकू येत होती. त्यांच्याइतकी ती कोणाला ऐकू येणार? आयुष्यभर त्या हेच करत आल्या होत्या. ठराव पडला. केसरबाईने हात वर केला की नाही, ते मला गर्दीत दिसलं नाही.

माणसं पांगल्यावर तात्या मॅडमपाशी आले. पान नव्हतं त्या दिवशी तोंडात.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडं बघून कुनालाबी संशव यावा, असाच मी वागलोय इतकी वर्षं. लोकांचं काय चुकलं?"

"मग आताच का देत होता, तात्या?" मॅडमनी विचारलं. 'का' म्हणाल्या.

तात्यांनी शेडकडे पाहिलं. "बंद माझ्या हातानं पडलं. मरायच्या आदी हितं मानसं आलेली बघायची हुती. बाकी काय न्हाई."

हे खरं होतं का? मला अजून सांगता येत नाही. तात्या त्याच्या पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या मागे कुठली लपवलेली जमीन निघाली नाही, कुठला गुप्त करार निघाला नाही. पण काही माणसांचं मेल्यावरही पूर्ण बाहेर येत नसतं. तिथे आज बाळासाहेबाचे गाळे आहेत. रोजगार हमीचं ऑफिस तेव्हा जिथे होतं तिथेच पुढे कितीतरी दिवस राहिलं, आणि नंतर काही कार्यालयं हायवेच्या बाजूला गेली, जिथे जायला रिक्षा करावी लागते.

सभेनंतर गावात मॅडमबद्दल बोललं जाऊ लागलं. नेकनूरला घर बांधतायत, कोणी म्हणे संभाजीनगरला फ्लॅट घेतलाय. ज्या बाईने कपभर चहा घेतला नाही तिच्याबद्दल लोक इतक्या सहज बोलत की मलाच कधी कधी वाटे, असेल का काही? मग स्वतःचीच लाज वाटे. मॅडमनी एकाही गोष्टीचा खुलासा केला नाही.

एक फरक मात्र पडला. एके दिवशी मी एक प्रस्ताव पुढे ठेवला. शेजारी कोण, हे विचारतील म्हणून सगळी नावं पाठ करून गेलो होतो. त्यांनी नकाशा उलगडला, पाहिला, आणि सही केली. मी उभाच राहिलो.

"काय, जोगदंड?"

"काही नाही, मॅडम. शेजारचं तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्ही बघितलंय ना?"

"हो."

"मग झालं." त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला. मी जागेवर येऊन बसलो आणि तो प्रस्ताव मी आणखी एकदा स्वतः तपासला. मला भीती वाटत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. काही म्हणत, त्यांनीच मागून घेतली.

मग मला त्या दिसल्या त्या एकदाच, बऱ्याच वर्षांनी, गेवराईच्या स्टँडवर. मी पैठणला चाललो होतो, गाडी थांबली होती, आणि मी खिडकीशी होतो. मॅडम बाकावर बसल्या होत्या. केस पांढरे, अंबाडा तसाच. शेजारी एक अनोळखी बाई, कडेवर लेकरू. लेकरू रडत होतं. त्या बाईने आपलं गाठोडं मॅडमच्या बाजूला सरकवलं, "जरा बघा, बाई, आलेच," असं काहीसं म्हणाली असावी, आणि लेकराला घेऊन गर्दीत गेली.

मला वाटलं, आता विचारतील. गाठोड्यात काय आहे, कुठे चाललीस, कधी येशील. मॅडमनी काही विचारलं नाही. गाठोड्यावर हात ठेवला आणि बसून राहिल्या.

तेवढ्यात नेकनूरकडे जाणारी गाडी लागली. कंडक्टरने ओरडून हाक दिली. मॅडम अर्धवट उठल्या, ती बाई गेली त्या दिशेला पाहिलं, आणि परत बसल्या. कंडक्टर त्यांना ओळखत असावा. दारातून वाकून त्याने विचारलं, "येता ना, मॅडम?" त्यांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. गाडी निघून गेली.

मी खाली उतरणार होतो, पण माझी गाडी सुटली. फाटकातून वळताना मी मागे वाकून पाहिलं. ती बाई अजून आली नव्हती. मॅडम गाठोड्यावर हात ठेवून गर्दीकडे बघत बसल्या होत्या.